पांढरा झालेला लाल झगा

फार पूर्वी चीनदेशात, नदीकाठच्या एका नगरात एक धर्मशील राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व रंगाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव हुआन. करडईच्या पाकळ्यांतून लाल रंग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या देशात लाल हा मंगल रंग. बाळ जन्मले की अंडी लाल रंगवून वाटत, नववर्षाला दारावर लाल कागद लावीत, आणि वधू लाल झग्यातच सासरी जाई. पांढरा रंग सुतकाचा. लाल वस्त्र नसलेल्या वधूला सासरचे लोक उंबरठा ओलांडू देत नसत. म्हणून बोधिसत्त्वाने मनाशी ठरवले होते की, आपल्या दारातून कोणतीही वधू लाल रंगावाचून परत जाणार नाही.

एका वर्षी गारांनी करडईचे पीक झोडपले. नगरात चिमूटभरही लाल रंग उरला नाही. त्याच वेळी सुइ नावाची एक अनाथ मुलगी काखेत गाठोडे घेऊन आली. तिने स्वतः विणलेला रेशमी झगा मातकट झाला होता.

"हे काय केलंस, पोरी?"

"गेरूत बुडवून पाहिला, काका. परवा पालखी येणार आहे."

"गेरू भिंतीला लावतात," बोधिसत्त्वाचा धाकटा भाऊ शेन हसला. "दादा, रंग नाही म्हणून सांग हिला. संपला विषय."

बोधिसत्त्व आत गेला आणि पेटीतून एक लाल झगा घेऊन आला. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या त्याच्या पत्नीचा तो लग्नातला झगा होता. सुइ मागे सरली.

"गेलेल्या बाईचं वस्त्र वधूला चालत नाही, काका."

"वस्त्र नको नेऊस. रंग ने."

शेनने त्याचे मनगट पकडले. "वहिनीची एवढीच खूण उरलीय. तीही राखेच्या पाण्यात घालणार?"

"तिलाही मी याच दारातून लाल रंग दिला होता, शेन. आता हिला नाही कसं म्हणू?"

करडईचा लाल रंग राखेच्या पाण्यात सुटतो आणि आंबट पाण्यात पुन्हा कापड धरतो, हे तो जाणत होता. त्याने पेंढ्याची राख कालवली, पाणी निवळून घेतले आणि झगा त्यात सोडला. एकदा त्याने झग्याची बाही धरली, पण झगा बाहेर ओढला नाही. पाणी लाल होत गेले, झगा पांढरा. मग त्या पाण्यात आलुबुखाराचा आंबट रस ओतून त्याने सुइचा स्वच्छ धुतलेला झगा बुडवला.

निम्मा रंग वाटेतच हरवला होता. झगा निघाला तो फिकट गुलाबी.

बोधिसत्त्वाने पुन्हा राख चाळायला घेतली.

"अजून काय उरलंय बुडवायला?" असे म्हणून शेन चिडून निघून गेला. थोड्या वेळाने परत आला, तेव्हा त्याच्या हातात त्याच्याच लग्नातला लाल शेला होता.

"बायको ओरडणार आहे," तो म्हणाला. "लवकर बुडव."

ठरल्या दिवशी सुइ लालभडक झग्यात पालखीत बसली. रंगाऱ्याच्या अंगणात दोरीवर पांढरा झगा वाळत होता. तो पाहून वाटेने जाणारा एक म्हातारा थांबला.

"हुआन, घरात कोणी गेलं का रे?"

"नाही, बाबा," बोधिसत्त्व म्हणाला. "लग्न आहे."

एवढे सांगून शास्ते बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची सुइ म्हणजे आजची भिक्षुणी अरुणा. काल आपले अंगावरचे चीवर दुसऱ्याला देताना ज्याचा हात अडखळला आणि तरीही ज्याने ते दिले, तो धम्मपालित तेव्हा शेन होता. रंगारी मीच होतो. भिक्षूंनो, मनाशी ठरवलेले चांगले काम, आपले प्रिय ते सोडावे लागले तरी, तडीस नेणे यालाच अधिष्ठान म्हणतात."