झुंबर पैलवान स्नायू शिकतो

कासारखळ गावात एक भोळा पैलवान होता. नाव झुंबर. भोळा हा शब्द मी त्याच्या आईचा मान राखून वापरतोय. गावात त्याला दुसरंच काहीतरी म्हणत.

गावच्या तालमीत तो एकटाच उरला होता. बाकीचे पैलवान पुण्याला सोसायट्यांच्या फाटकावर उभे राहायला गेले. सरपंच याचीच वाट बघत होते. ते म्हणाले, "वस्ताद, यंदा जत्रंत तुमच्या तालमीनं कुस्ती मारली तर तालीम ऱ्हाईल. न्हाईतर आत खताची पोती."

हिंदुराव वस्तादांचा सगळा जन्म त्या तांबड्या मातीत गेलेला. ते घाबरले. घाबरलेला माणूस काहीही धरतो. वस्तादांनी शास्त्र धरलं. तालुक्याच्या डॉक्टरकडून एक मोठं चित्र आणून भिंतीला टांगलं. कातडी सोललेला, लालभडक माणूस, अंगातले सगळे स्नायू उघडे.

"ह्याला सोलला कुणी?" झुंबरने विचारलं.

"ते सोड. ऐक. हे स्नायू हाडांना बांधल्यात. स्नायू आखडला की हाड ओढलं जातं. स्नायूला फकस्त ओढता येतं. ढकलता येत न्हाई. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सरपंचांची जीप ओढ्याच्या उतारावर घसरली. जीपचं नाक पाण्याकडे, सरपंच आत. वस्ताद ओरडले, "झुंब्या, म्होरनं जा आणि गाडी माघारी ढकल."

झुंबर ओढ्यात उतरून जीपच्या पुढे उभा राहिला. ढकलता येत नाही हे त्याला आता ठाऊक होतं. त्याने बंपर धरला आणि ओढला. ताकद तर होतीच. जीप पाण्यात आली, सरपंचांसकट.

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं, माणूस ढकलतो तवा बी स्नायू ओढतच असतोय. दंडाच्या मागचा स्नायू ओढतो, म्हणून हात सरळ हून म्होरं जातो. म्होरं न्यायचं तर मागनं ओढायचं. कळलं?"

"कळलं."

त्याचं हे 'कळलं' ऐकून शहाण्या माणसाने गाव सोडावं. वस्तादांनी त्याला जत्रेच्या बैठकीला नेलं.

देवळापुढे सरपंच भाषणाला उभे राहिले. माइक लांब होता, आवाज पोचेना. वस्ताद हळूच म्हणाले, "झुंब्या, सरपंचांना जरा म्होरं घे."

झुंबर मागे गेला. धोतराचा कासोटा धरला आणि ओढला. सरपंच पुढे गेले नाहीत. धोतर मात्र मागे आलं. बायकांनी तोंडाला पदर लावला आणि बघायचं तेवढं बघून घेतलं.

"गाढवा, कुठं हात घालतोस?" वस्ताद तालमीत येऊन कडाडले. "समोर कोण हाय ते आधी बघावं. हे चित्र बघ. स्नायूंची नावंसुदीक बघूनच ठिवल्यात. कुठं हाय, लांब का आखूड, रुंद का बारीक, डोकी किती. दंडाच्या म्होरं हाय तो दोन डोक्यांचा, मागं हाय तो तीन डोक्यांचा."

"तीन डोकी? आणि तरी नुसता ओढतो?"

"तुला एक हाय, तू काय करतोस? जा, सरपंचांची माफी मागून ये. नीट नाव घिऊन बोल. कळलं?"

"कळलं."

झुंबर सरपंचांच्या सोप्यात गेला, हात जोडले. सरपंचांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खुर्चीवरचे रुंद," तो अदबीने म्हणाला, "एका डोक्याचे, चुकलं माझं."

आतून सरपंचांच्या बायको बाहेर आल्या. झुंबरने त्यांनाही हात जोडले. "दारातल्या आखूड, तुम्ही बी माफ करा."

सरपंचांनी त्याच संध्याकाळी खताची ऑर्डर देऊन टाकली.

आता सगळं कुस्तीवर आलं. जत्रेच्या सकाळी वस्तादांनी झुंबरच्या अंगाला तेल चोळता चोळता शेवटचा धडा दिला. "अंग ताठवू नगंस. हात वाकवायचा तर म्होरला स्नायू आवळतो आणि मागचा सैल सुटतो. दोघं बी आवळले तर हात जागचा हलत न्हाई. एकानं आवळलं की समोरच्यानं सोडायचं. तवाच काम हुतंय. कळलं?"

"कळलं."

समोर पलीकडच्या गावचा मल्ल होता. झुंबरने सलामी दिली, पट काढला आणि त्याला खाली घेतला. मल्लाचा एक खांदा मातीला लागला. लोक उभे राहिले. वस्ताद देवाचं नाव घेऊ लागले. दुसरा खांदा टेकायला बोटभर जागा उरली होती.

मल्लाने जिवाच्या आकांताने झुंबरला मिठी मारून आवळलं.

झुंबरला ते आवळणं जाणवलं. त्याने ताबडतोब सोडलं. नुसतं सोडलं नाही, सगळं अंग सैल करून तो शहाण्यासारखा उताणा पडला, आणि वस्तादांकडे बघून हसला.

वस्ताद आखाड्याच्या कडेला बसले. त्यांना रडू आलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"रडताय का, वस्ताद?" झुंबर अंगावरची माती झाडत म्हणाला. "दोघं बी आवळलो असतो तर कुस्ती निकाली झाली असती का?"

जत्रा उठली आणि खताचा ट्रक आला. हमाल मिळेना. झुंबरने एकट्याने सगळी पोती पाठीवर घेऊन तालमीत रचली, थेट तांबड्या मातीवर. दम लागला नाही, कुठे थांबला नाही. सरपंचसुद्धा बघत राहिले.

वस्ताद दारात उभे होते. "झुंब्या," ते म्हणाले, "एवढा जोर हाय तुझ्यात. त्या दिवशी का न्हाई लावलास रं?"

झुंबरने शेवटचं पोतं खाली टाकलं.

"पोतं कुठं आवळतंय, वस्ताद?"