फक्कीच्या भिंती

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

हेरंबने हा प्रश्न पुन्हा विचारला. पहिल्या वेळी उत्तर मिळालं नव्हतं, कारण बुवा गुडघ्याला उंडीचं तेल चोळत होते आणि एका वेळी एकच काम करायचं ही त्यांची जुनी रीत होती.

"हो," धोतराला हात पुसत बुवा म्हणाले.

हेरंबच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचा राग खोटा नव्हता. बेट ते केवढं! या टोकाला शीळ घातली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसेल, एवढंच. उत्तरेला मासेमार गाबितांची वस्ती आणि दक्षिणेला खोतांची माडाची बाग. त्या बागेत बुवांची झोपडी होती. मासळी वाळवायला खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, जाण्याची बायकांची वाटही बागेतूनच जायची. आता खोतांनी ती बाग वसुंधराबाई खांडेपारकरांना विकली होती. बाईंना तिथे छोटंसं, देखणं रिसॉर्ट बांधायचं होतं, आठच खोल्यांचं.

सकाळी होडीतून उतरून बाई बुवांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "बेट न बिघडवता बांधायचंय, बुवा. असं कोण आखून देईल?"

बुवांनी हेरंबकडे बोट दाखवलं.

हेरंब एकेकाळचा आर्किटेक्ट. मोठमोठी हॉटेलं त्याने आखली होती. त्यातल्या एका हॉटेलापायी खाडीकाठचं अख्खं तिवरांचं रान तोडलं गेलं, त्या दिवशी तो घरी गेलाच नाही. फिरत फिरत या बेटावर आला आणि बुवांपाशीच राहिला. पुन्हा पेन्सिल हातात धरणार नाही, अशी शपथ त्याने बुवांसमोर घेतली होती.

"माझी शपथ तुम्हाला माहीत आहे."

"आहे."

"तुमची झोपडी जाईल."

"जाईल."

"बायकांची वाट जाईल, माड तुटतील. हे बेट मरेल, बुवा!"

"मग नीट आख."

"मी रागाने आखेन. असं काही आखेन की बाई पुन्हा इकडे फिरकणार नाही."

"रागाने आख," म्हणत बुवांनी दुसरा गुडघा पुढे घेतला.

शपथ पेन्सिलीची होती, म्हणून हेरंबने कागदाला हात लावला नाही. शपथेतून पळवाट काढायला लागलेल्या माणसापुढे भलाभला वकील हात टेकतो. त्याने सुतळी घेतली, खुंट्या घेतल्या, पोतंभर चुन्याची फक्की मागवली आणि थेट जमिनीवरच आखायला सुरुवात केली.

इथे एकही खोली बसत नाही, हे त्याला बाईंना दाखवून द्यायचं होतं. इथे माड आडवा येतो, तिथे भरतीचं पाणी चढतं... पण हात जुना कसबी. पहिली खोली दोन माडांमध्ये कुणालाही धक्का न लावता बसली.

"चुकून बसली," तो स्वतःशीच पुटपुटला.

दुसरीही बसली. तिसरीला त्याने थोडं तिरकं केलं, म्हणजे समुद्राचा वारा अंगावर न येता कडेने आत येईल. चौथी उंडीच्या झाडाच्या सावलीत घेतली. जमिनी खांबांवर उंच ठेवायच्या, म्हणजे खालून खेकडे-कुर्ल्या बिनघोर जातील. छपराला माडाचे झाप, न्हाणीचं पाणी केळींना, आणि एका खोलीतून दुसरी दिसता कामा नये.

चिडचिड चालूच होती. पण आता ती बाईंवर नव्हती. सुतळी सैल पडते म्हणून तो चिडत होता, वारा फक्की उडवतो म्हणून चिडत होता.

"पेज निवली," बुवा झोपडीतून म्हणाले.

"आलोच."

तो गेला नाही. बुवा एकटेच जेवले आणि त्याची पेज झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो झोपडीच्या दारात येऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"बुवा, झोपडी थोडी मागे घ्यावी लागेल."

"का रे?"

"जेवणाच्या जागेतून बघताना मध्ये येते."

बुवांनी मान हलवली. "बरं," म्हणाले आणि आपली वळकटी उचलून ठेवली. त्या मान हलवण्यातलं हेरंबला काही दिसलं नाही. तो केव्हाच सुतळीकडे वळला होता.

तेवढ्यात गाबितांच्या वस्तीतली सकवार डोक्यावर बांगडा मासळीची टोपली घेऊन नेहमीच्या वाटेने आली आणि सहाव्या खोलीतून आरपार निघाली. पांढरी रेघ तिच्या पायांनी फिसकटली.

"अगं ए! आंधळी आहेस का? आखणी पुसलीस सगळी!"

सकवार टोपली सावरत थांबली.

"अरे हेरंबा, ही आमची वाट मां? कालपर्यंत तूच म्हणी होतंस, सकवार, तुमची वाट कोण अडवता ता मी बघतंय. आणि आज तूच माका वराडतंस?"

"वाट आहे! जरा पलीकडून काढली आहे, एवढंच. तिकडून जा."

"थंय काटे आसत," सकवार म्हणाली, आणि तरीही तिकडून गेली.

हेरंबने रेघ पुन्हा ओढली. या वेळी फक्की जरा जाडच टाकली.

काम पुरं झालं तेव्हा वसुंधराबाई आल्या. बुवा झोपडीतच होते, उठून आले नाहीत. हेरंबने बाईंना सगळं फिरवून दाखवलं, इथे पायरी, इथे ओटा, इथे दिवा, पण त्याचा उजेड खालीच पडणार. बाई मागोमाग चालत राहिल्या. चौथ्या खोलीशी थांबल्या. आत गेल्या आणि जमिनीवर बसल्या.

माडांतून वारा येत होता. लाट फुटल्याचा आवाज तेवढा येत होता...

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे," हेरंब म्हणाला.

"हेरंबराव, मी इथे बसले आणि चारी बाजूंना बघत राहिले. तुम्ही भिंती घालायच्या म्हणता... मला एकही भिंत घालावीशी वाटत नाही. नाही बांधत मी. बाग अशीच राहू दे. झोपडी राहू दे आणि बायकांची वाटही."

त्याला जे जे हवं होतं, ते सगळं न मागता पदरात पडलं होतं. एखाद्याने तिथल्या तिथे हात जोडले असते.

"नाही म्हणजे काय?" हेरंब ओरडला. "एक माड तुटत नाही! एक कुर्ली मरत नाही! असं कुणी आखून देणार नाही तुम्हाला!"

"म्हणूनच..."

"आठ जास्त होतात? सहा करू. चार करू. ही एक तरी बांधा!"

बाईंना त्याची कीव आली. पण कीव दाखवावी असा तो माणूस दिसत नव्हता. त्यांनी पदर सावरला, नमस्कार केला आणि त्या होडीकडे गेल्या.

हेरंब तणतणत झोपडीशी आला.

"काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"ती मला भेटलीच नाही."

"मग मला आखायला का लावलंत? जिवाचं रान केलं मी! हातांची सालटी निघाली! तुम्हाला ठाऊक होतं ती बांधणार नाही. ठाऊक होतं ना?"

"नव्हतं."

"बाग वाचली का?" बुवांनी विचारलं.

"बाग गेली खड्ड्यात!"

हे आपणच बोललो, ते त्याला ऐकू आलं. पण राग पुढे धावत होता आणि थांबून मागे बघायला त्याला वेळ नव्हता.

बुवा उठले. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत, काठी टेकत बागेत शिरले. हेरंब बडबडत मागून येत होता. बुवा सरळ चौथ्या खोलीशी गेले आणि आत जायला त्यांनी पांढऱ्या रेघेवरून पाय उचलला.

"बुवा, तिथून नको! भिंत आहे!"

बुवांचा पाय हवेतच थांबला.

त्यांनी तो हळूच मागे घेतला. रेघेच्या कडेकडेने काठी टेकत खोलीला वळसा घातला. दारासाठी फट सोडली होती तिथे येऊन चपला काढल्या. चौकट डोक्याला लागू नये म्हणून मान वाकवली, आत गेले आणि मधोमध मांडी घालून बसले.

हेरंब रेघेबाहेर उभा होता. कानशिलं तापली होती.

"थट्टा करताय माझी?" तो किंचाळला. "बोला ना! थट्टा करताय?"

बुवांनी दाराच्या जागेकडे पाहिलं आणि शेजारची जमीन हाताने थोपटली.

"आत ये आणि दार लावून घे, हेरंबा. बाहेर कुणीतरी ओरडतंय."