मिटलेले डोळे

हा डोंगर आतून नुकताच पोखरायला घेतला होता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या छिन्न्यांची एक श्रेणी, म्हणजे कारागिरांची असते तशी संघटना, होती आणि तिचा नियम पक्का होता: मूर्तीचे डोळे फक्त थोरली छिन्नी उघडणार. थोरलीची धार तर केव्हाच गेली होती. सगळी मूर्ती तयार झाली, पण डोळ्यांच्या जागी नुसते फुगवटेच राहिले.

धाकटी छिन्नी पिशवीत स्वस्थ पडेना. "आजी, तुम्ही नुसतं सांगा, मी कोरते. उद्या राजा बघायला येतोय!"

"तू नखं कोर," थोरली गुरकावली. "माझ्या वयाची झालीस की डोळ्यांचं बघू."

"तेव्हा मलाही धार नसेल!"

"श्रेणीत राहायचंय ना तुला?" बाकीच्या छिन्न्या एकदम खणखणल्या. धाकटी पिशवीत मागं सरकली, पण तिची धार शिवशिवत राहिली.

राजा आला, मूर्तीपुढे थबकला आणि म्हणाला, "वा! समाधी कशी लागलीय बघा!"

श्रेणीनं लगेच नवा नियम केला: यापुढे मूर्तींचे डोळे मिटलेलेच.

ती धाकटी आता थोरली आहे. धार गेली, शिवशिव मात्र गेलेली नाही. परवा एका नव्या छिन्नीनं तिला विचारलं, "आजी, डोळे मिटलेलेच का?"

तिनं सांगायला तोंड उघडलं, बाकीच्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू नखं कोर."