बाच्या तीन बोटांचं माप

एका निळ्या डोहाच्या काठी, करंजाच्या सावलीतल्या झोपडीत राही आणि तिची आई राहत. राहीचा बा पुरात गेला. त्याच्याबरोबर त्याचं जाळंही गेलं. मागे उरलं फक्त वल्हं. मग आईने तापाने अंथरूण धरलं आणि मडक्यातले तांदूळ तळाला गेले.

इवल्याशा राहीने जाळं विणायला घेतलं.

“आई, जाळ्याचं एकेक घर केवढं ठेवू?”

“तीन बोटांचं. तुझा बा तेवढंच ठेवायचा. पिल्लू निसटतं, मोठा मासा अडतो.”

राही तीन बोटं मध्ये धरून गाठ मारी. दर फेरीला घरं वाढवी, म्हणजे जाळं गोल पसरतं. बाराव्या दिवशी ते पुरं झालं.

सकाळी ती डोहावर गेली, तर पांढऱ्या कमळावर चतुर किड्याएवढी परी बसलेली. पंख मोरपिशी, अंगावर दवाचे चमचमते मणी.

“तुझी एक इच्छा पुरवते, जाळ्याची एक फेक भरून देईन,” परी म्हणाली. “पण आलेलं परत सोडलंस, तर ती इच्छा संपली.”

“कशाला सोडीन? आई उपाशी आहे.”

जाळं गोल पसरलं, बुडालं, जड होऊन वर आलं. आत चिमुकली रुपेरी पिल्लंच पिल्लं, मोहरीएवढ्या डोळ्यांची.

राहीने आपली काडीसारखी बोटं पाहिली. “बाची बोटं जाड होती,” ती हळूच म्हणाली. “मी माझी धरली.”

“भरलंय ना जाळं?”

राहीने एक पिल्लू तळहातावर घेतलं. मग तिने जाळं पाण्यात उलटं केलं. “ही अजून मोठी व्हायचीत.”

“इच्छा संपली,” परी म्हणाली. “गाठी मात्र मी नव्याने बांधून देईन. माप तू आण.”

बा नव्हता, माप कुठून आणायचं? राही घरी येऊन वल्ह्याला बिलगली. मुठीजवळ तिच्या हाताला खळगे लागले, बाच्या चार बोटांनी वर्षानुवर्षं झिजवलेले. तिने त्यांतल्या तीन खळग्यांवर एक काडी धरली, तेवढीच मोडली आणि डोहाकडे धावली.

परीने काडी कपाळाला लावली. गाठी सुटल्या, पुन्हा बसल्या. फेरीतली घरं कमी झाली, घेर तेवढाच राहिला.

“आता फेक. या वेळी माझी मदत नाही.”

जाळं वर आलं. पिल्लं सगळी निसटली होती. तळाशी एकच मोठा रोहू उसळत होता.

“आईपुरता आहे,” राही म्हणाली.

“आणि तुझ्यापुरताही,” परी म्हणाली. पाण्यावर सोनेरी उजेड थरथरला, आणि त्यात ती विरून गेली. राहीच्या मुठीत काडी तेवढी राहिली.