जळालेल्या ऑफिसातलं कपाट

सर्जादादा जाऊन अजून वर्षही झालं नाही. त्याची आठवण आली, की त्याच्या धाकट्या भावाला, विलासला, दूधसंघातली ती सकाळ आठवते.

दादा संघाचे कॉम्प्युटर सांभाळायचा. गावोगावच्या दुधाच्या नोंदी त्यांतच होत्या; त्या गेल्या असत्या तर संघच बसला असता. म्हणून रोजच्या बॅकअपची कॉपी तालुक्याच्या शीतकेंद्रावर पाठवायची, असा दादाचा हट्ट होता.

चेअरमन मोरबाळे आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले, “एवढ्या लांब कशाला? माझ्या केबिनमधल्या कपाटात ठेव. चावी माझ्या कमरेला!”

“बरं आबा. मग एकदा तालीम करू या.”

दादानं सगळ्यांना बाहेर अंगणात उभं केलं. “समजा, ऑफिस जळून खाक झालं. आता द्या बघू कॉपी.”

“त्यात काय, आत्ता आणतो!” चावी खुळखुळवत आबा तडक पायऱ्या चढू लागले.

दादा दारात आडवा आला. “आत कुठं निघालाय आबा? ऑफिस जळालंय न्हवं?”

शिपायापासून संघाच्या जनावरांच्या डॉक्टरपर्यंत सगळे खो खो हसले. आबा पायरीवरच थांबले, मग तेही हसले. “पाठीव बाबा शीतकेंद्रावर!”

सगळ्यांत मोठ्यानं हसला होता दादा. त्या हसण्याची दुसरी कॉपी मात्र कुणीच कुठं ठेवली नाही.