मनगटावरची जुई

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी द्वारकानं तिसरा प्रश्न विचारला, तेव्हा ठकूआईनं पहिल्याचंही उत्तर दिलेलं नव्हतं.

"आणि एकदा गोंदलं की ते कधीच जात नाही ना?"

ठकूआई टेकडीवरच्या देवीच्या देवळाबाहेर चिंचेखाली पोतं अंथरून बसायची. पन्नास वर्षं झाली, आसपासच्या गावांतल्या बायांचे हात तिनंच गोंदलेले. बाया म्हणायच्या, म्हातारी सुईनं गोंदते आणि जिभेनं टोचते.

"काय गोंदायचंय?" तिनं विचारलं.

"जुई. हिचं नाव."

कडेवरची सात महिन्यांची जुई म्हातारीकडं बघून बोळकं पसरून हसली. म्हातारीनंही तसलंच बोळकं दाखवलं.

"कशाला गोंदायचं?"

"हिला काही होऊ नये म्हणून."

ठकूआई वाटीतली गोंदायची काजळी पाल्याच्या रसात बोटानं घोटत राहिली…

"पहिल्यांदाच गोंदतेस. तयारी काय केलीस?"

द्वारकाची मान ताठ झाली. सातवीपर्यंत शिकलेली होती ती, अशीच उठून आली नव्हती.

"आठ दिवस तयारीच चाललीय. रोज मनगटावर पेनानं नाव लिहून बघते. लहान लिहिलं, मोठं लिहिलं, तिरकं लिहिलं. आता मनासारखं जमलंय."

"बघू."

द्वारकानं बांगड्या वर सारल्या. मनगटाला दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळलेली, वरून दोन रबरं.

"हे काय गं? हाताचं लोणचं घातलंस?"

"पाणी लागू नये म्हणून…"

मग तिनं खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना नाव पुसलं गेलं, आणि त्याच संध्याकाळी जुईला ताप भरला. तिच्या मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून त्या हाताला पाणी लावलं नव्हतं. फिकं झालं की गिरवायचं. भांडी एका हातानं, धुणं एका हातानं. पोरीची आंघोळ सासूकडं गेली. नवरा म्हणाला, लग्नातली मेंदी एवढी जपली नव्हतीस.

"नवरा शहाणा आहे," ठकूआई म्हणाली. "सोड ती पिशवी आणि हात धू."

"पुसेल ना."

"पुसेलच. मळक्या हाताला मी सुई लावत नाही."

"आई, लेकरू कडेवर असताना मी माझ्या हातानं तिचं नाव पुसू?"

तिचा आवाज चिरकला. जुईनं हसणं थांबवून आईच्या तोंडाकडं बघितलं.

ठकूआईनं स्वतःचा डावा हात पुढं केला. सुरकुत्यांत हिरवट निळा डाग, पाण्यात पडलेल्या शाईसारखा.

"तू शिकलेली. वाच बघू, काय लिहिलंय."

द्वारकानं हात उजेडात धरला. वळवून बघितला. "एकही अक्षर लागत नाही. सगळं पसरलंय."

"माझ्या लेकीचं नाव आहे. ती पाळण्यात होती तेव्हा गोंदलेलं."

जुईभोवतीचा हात द्वारकानं आवळला.

"मग… ती?"

"ती? पाच नातवंडांची आजी आहे. आज सकाळीच माझ्याशी भांडून खाली जाऊन बसलीय. मी म्हटलं भाकरी जाड झाली, तर म्हणते, दात पडले तुझे आणि दोष माझ्या भाकरीला."

द्वारकाला हसू फुटलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

"नाव विरून वीस वर्षं झाली," म्हातारी म्हणाली. "भांडायला येते रोज."

आणि तिनं पाण्याचं पातेलं पुढं सरकवलं.

द्वारकानं एक रबर काढलं. दुसरं काढलं. पिशवी सोडली. हात पातेल्यावर नेला… आणि तिथंच थांबला.

जुई मात्र थांबली नाही. पाणी दिसल्यावर ती कडेवरून निम्मी खाली लोंबली, फाट्कन पाण्यात हात मारला आणि तोच ओला पंजा आईच्या मनगटावर घासला.

निळा ओघळ निघाला.

द्वारका त्या ओघळाकडं बघत राहिली.

जुईनं आपला निळा तळवा बघितला, नीट न्याहाळला, आणि ठकूआईच्या नाकाला पुसला.

म्हातारी खो खो हसत सुटली. पोरगी हसली. द्वारका दोघींकडं बघत होती, तिला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. उरलेलं नाव तिनं स्वतः चोळून काढलं. कोपरापर्यंत हात धुतला. मग त्याच हातानं पोरीचं तोंड धुतलं.

ठकूआईनं सुयांची जुडी उचलली.

"आता काय गोंदू?"

"जुईच."

"कशाला?"

मघाचं उत्तर द्वारकाच्या तोंडापर्यंत आलं होतं, ते तिनं गिळलं.

"…आवडतं म्हणून."

"बस मग."

पहिली सुई टोचली तशी द्वारका "आई गं" म्हणाली. पोरीनं लगेच तसंच तोंड वाकडं केलं. पुढचं दुखणं दोघींनी हसण्यावारी नेलं. ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत आलं, तेव्हा मनगटावर जुई उमटली होती, हिरवीगार, जरा सुजलेली.

द्वारका पोरीला घेऊन उठली. दोन पावलं गेली आणि परत फिरली. जुनी सवय, एवढ्यात कुठं सुटते.

"आई, आता पुढं काय काय पाळायचं?"

ठकूआई नाकावरची शाई पदरानं पुसत होती.

"खालच्या पायरीवर एक म्हातारी तोंड फुगवून बसलेली दिसेल… तिला सांग, आईनं भाकरी सगळी खाल्ली म्हणावं."