हेमलेने चंद्राला दिलेला शाप

पूर्वी कृतयुगात, शुभ्रा नदीच्या काठी वसलेल्या चैत्रपुर नगरीत, कदंब-बकुळांनी वेढलेले आणि मधोमध मोकळ्या हिरवळीने शोभणारे एक उपवन होते. तेथे दर अमावास्येला तारकाप्रेमी नागरिक जमत. त्यांत कोणी राजज्योतिषी नव्हता, की भविष्य सांगून दक्षिणा मिळवणारा दैवज्ञ नव्हता. विणकर, वैद्य, सुतार अशी प्रपंची माणसे केवळ हौसेने येत आणि आर्जव नावाचे तापट मुनी त्यांना आकाश दाखवत. नियम एकच, पण कडक: प्रत्येकाने आपली मशाल प्रवेशद्वारीच विझवायची. एकदा खुद्द राजाच्या मशालीवर मुनींनी कमंडलू रिता केला होता, आणि राजा निमूटपणे अंधारात बसला होता.

त्या कार्तिकी अमावास्येला वृद्ध विणकरीण हेमला सर्वांच्या आधी येऊन बसली. तिच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. कृत्तिकांच्या पुंजक्यातली सर्वांत मंद तारका बालपणी आईने तिला दाखवली होती; ती एकदा, शेवटची, पाहावी एवढीच तिची इच्छा उरली होती. पुढच्या अमावास्येपर्यंत दृष्टी टिकेल, असे वैद्याने सांगितले नव्हते.

तिच्याशेजारी एक अनोळखी ब्राह्मण येऊन बसला. तो साक्षात चंद्र होता. सत्तावीस नक्षत्रे म्हणजे आपल्या धर्मपत्नी, आणि ही मर्त्य माणसे त्यांच्याकडे टक लावून बसतात, हे ऐकून त्याचा जळफळाट झाला होता. अमावास्येला आकाशातून सुटी मिळताच तो वेष पालटून, तेज आवरून, हेरगिरीस आला. देव झाला तरी संशयी नवरा तो संशयी नवराच!

आता, तारे पाहणारी मंडळी जमली की चंद्राला नावे ठेवणे हा त्यांचा आवडता उद्योग.

“आज तो निर्लज्ज उगवला नाही, हे आपले भाग्य!” आर्जव मुनी गरजले. “पौर्णिमेला मिरवतो काय, आणि सारे आकाश धुऊन टाकतो काय! कवींनी लाडावून ठेवलेला, कामाचा मात्र नाही!”

सगळे खदखदून हसले. हेमलाही हसली. “खरे आहे, मुनिवर. तो असला की माझी तारका मला दिसत नाही.”

“तुझी?” शेजारचा ब्राह्मण ताडकन उठला. “हे उन्मत्त वृद्धे, ती माझी भार्या आहे!”

हेमलेने कृत्तिकांकडे मान वर केली, त्याच क्षणी त्याने आपले सारे तेज प्रकट केले. झाडे पांढरी पडली, आकाश पुसले गेले, आणि त्या दुबळ्या डोळ्यांतली उरलीसुरली दृष्टी करपून गेली.

“माझ्या अंतःपुरावर नजर ठेवणाऱ्या अधमांनो, ऐका!” चंद्र कडाडला. “तुम्ही जेथे जेथे तारे पाहण्यास जमाल, तेथे तेथे मेघ येऊन आडवे पडतील!”

हा शाप आजही किती इमानाने फळतो, हे आकाशदर्शनाला गेलेल्या कोणालाही विचारावे.

आर्जव मुनींनी प्रतिशापासाठी ओंजळीत पाणी घेतले. पण हेमलेने चाचपडत त्यांचा हात धरला.

“थांबा, मुनिवर. डोळे माझे गेले आहेत. शापही माझाच.” ती उभी राहिली. “हे निशानाथा, लहानपणापासून मी एकही अमावास्या चुकवलेली नाही. ते व्रत खरे असेल, तर माझे शब्द खरे होवोत! ज्या तेजाने तू तिला माझ्यापासून झाकलेस, तेच तेज तिला आणि तिच्या साऱ्या बहिणींना तुझ्यापासून झाको. तू त्यांच्या दारी जाशील, पण त्यांचे मुख तुला दिसणार नाही.”

चंद्राचा चेहरा उतरला. “माते, उःशाप दे!”

“माझी दृष्टी परत देतोस?”

ते चंद्राच्या हाती नव्हते.

“मग उःशापही माझ्या हाती नाही,” हेमला म्हणाली.

चंद्र खाली मान घालून निघून गेला. त्याची कीव करावी, असे मला तरी वाटत नाही.

तेव्हापासून नक्षत्रपती दर महिन्यात रोज एकेका पत्नीच्या घरी जातो, आणि तेथेच असलेली ती त्याच्या स्वतःच्या प्रकाशात दिसेनाशी होते. तेज ओसरून अंधार होतो, तोवर सूर्य त्याला आपल्यापाशी ओढून नेतो. सत्तावीस घरांचा तो धनी. पण त्या रात्रीनंतर एकाही घरी त्याला कोणी भेटलेले नाही.